ड्रम मिनिटाला किती फेरे घेतो?

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील ज्या फाउंड्रीत, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात, मी गुणवत्ता विभाग सांभाळते, तेथे पावसाळा सुरू झाला की डिप्लोमा आणि पदवी पूर्ण करून बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या मुलाखती सुरू होतात. गेली अकरा वर्षे मी त्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसते आहे. समोर येणारी मुले बहुतेक मिरज, तासगाव, जत, कवठेमहांकाळ, पलूस या भागांतली आणि काही कऱ्हाड-साताऱ्याकडची असतात. त्यांच्यापैकी अनेकांना विषय येत असतो, हाताला कामाची सवय असते, आणि तरीही वीस मिनिटांच्या बोलण्यात त्यांचे निम्मे गुणसुद्धा बाहेर येत नाहीत. त्यांना परत पाठवताना मला वाईट वाटते. यंदा माझ्या भाचीची पहिली समोरासमोरची मुलाखत आहे, आणि तिच्या तयारीसाठी आम्ही रोज संध्याकाळी बसतो तेव्हा जे बोलणे होते, ते नीट लिहून ठेवावे असे वाटले.

माझी स्वतःची पहिली मुलाखत २००४ सालची, पुण्यातल्या एका कंपनीतली. पहाटेच्या एसटीने सांगलीहून निघून मी स्वारगेटला उतरले आणि धावतपळत वेळेच्या जेमतेम पाच मिनिटे आधी पोहोचले. माझ्या बायोडाटात एक प्रकल्प होता : हळद पॉलिश करण्याचे यंत्र. शिजवून वाळवलेली हळकुंडे जाळीच्या फिरत्या ड्रममध्ये टाकली की ती एकमेकांवर आणि जाळीवर घासली जातात आणि वरची खरबरीत साल व मुळ्या निघून जातात, असे ते साधे यंत्र आम्ही चौघांनी मिळून केले होते. ड्रम दोन मुलांनी बनवला, मोटर आणि गिअरबॉक्स बाजारातून आणला, आकृत्या आणि अहवाल मी केला. समोरच्या गृहस्थांनी विचारले, ड्रमचा व्यास किती? मी सांगितले, नव्वद सेंटिमीटर. मिनिटाला किती फेरे? तीस. मग ते म्हणाले, "तीसच का? साठ केले तर काम निम्म्या वेळात होईल ना?" मी म्हणाले, "होईल, सर." त्यांनी मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिले. त्यानंतरचे प्रश्न मला आज आठवतसुद्धा नाहीत.

उत्तर चुकीचे होते. ते का चुकीचे, हे मला चार दिवसांनी कळले. मात्र त्या दिवशी माझा अभ्यास कमी पडला असे मला वाटत नाही. तीस हा आकडा मी त्या अहवालात स्वतःच्या हाताने तीन ठिकाणी लिहिला होता आणि त्याला एकदाही "का" असे विचारले नव्हते. बायोडाटातली ती ओळ माझ्या नावावर असली तरी माझी झालेली नव्हती, आणि मुलाखत घेणारा नेमके हेच पाहत असतो, हे मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्यावर पूर्णपणे समजले.

म्हणून भाचीला मी पहिल्या दिवशी दोनशे पानी वही दिली. डाव्या पानावर बायोडाटातील एकच ओळ लिहायची आणि उजव्या पानावर तिच्यासाठी चार प्रश्नांची उत्तरे : काय केले, कसे केले, तसेच का केले, आणि वेगळे केले असते तर काय झाले असते. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सगळ्यांना येतात. तिसऱ्याला निम्मी मुले अडखळतात आणि चौथ्यापर्यंत फार थोडी पोहोचतात. उदाहरणार्थ, जवळपास प्रत्येक बायोडाटात "मापन उपकरणांची माहिती" अशी ओळ असते. व्हर्नियर कॅलिपर या जबड्यांच्या मोजपट्टीचा लीस्ट काउंट, म्हणजे तिने मोजता येणारे सर्वांत लहान माप, विचारला की ०.०२ मिलिमीटर हे उत्तर लगेच येते, आणि मुख्य पट्टीवरचा एक मिलिमीटर भागिले सरकपट्टीवरचे पन्नास भाग, हे गणितही बरेच जण सांगतात. पण भोकाचा आतला व्यास मोजताना जबडे मधोमध न बसता बाजूला बसले तर माप मोठे येईल की लहान, असे विचारले की शांतता पसरते. ज्याने भोक खरोखर मोजले आहे, तो माप कमी येईल हे क्षणात सांगतो, कारण त्याने कधीतरी तीन वेळा मोजून तीन वेगवेगळी मापे मिळवलेली असतात. त्याच्याही पुढे जाऊन, ज्या शाफ्टला एक शतांश मिलिमीटरची मर्यादा दिली आहे तो व्हर्नियरने पास करणार का, असे विचारले तर चांगला उमेदवार म्हणतो की नाही, त्याला अधिक बारीक मोजणारा मायक्रोमीटर लागेल. हे प्रश्न अडवण्यासाठी विचारलेले नसतात. उद्यापासून तो जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, तपासायला त्याच्या हातात द्यायचा असतो आणि तो कितपत विश्वासाने देता येईल, एवढेच आम्हाला जाणून घ्यायचे असते.

भाचीने चार दिवस वही भरल्यावर बायोडाटातल्या दोन ओळी स्वतःहून काढून टाकल्या. एक होती दोन दिवसांत शिकलेल्या संगणक प्रणालीची आणि दुसरी "नेतृत्वगुण" अशी. "मावशी, याच्या उजव्या पानावर लिहायला माझ्याकडे काहीच नाही गं," असे ती म्हणाली, आणि मला फार बरे वाटले. ज्या ओळीखाली उत्तर नाही ती ओळ खोडणे, हा तयारीचा मोठा भाग आहे.

याच्या उलट जी चूक आपल्या भागात सर्रास होते, तिच्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण इथे मुलांचे खरे नुकसान होते. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे तासगावजवळच्या एका गावातली, रसायनशास्त्रात बी. एस्सी. झालेली मुलगी प्रयोगशाळेतील जागेसाठी आली होती. तिची उत्तरे पाठ केलेली होती. स्वतःची ओळख, बलस्थाने, पाच वर्षांनी कुठे असाल, सगळे एका सुरात आले. मी तिला सहज विचारले की फेब्रुवारी-मार्चमध्ये कॉलेजातून घरी गेल्यावर दिवस कसा जायचा. ती थोडी संकोचली आणि म्हणाली, "घरी बेदाण्याचं शेड आहे, तिथं वडिलांना मदत करते."

आणि तिथून पुढे तिचा आवाजच बदलला. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, त्यामुळे आतले पाणी लवकर बाहेर पडत नाही, म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून काढावे लागतात, मग ते सावलीतल्या रॅकच्या जाळ्यांवर पसरतात, हे तिने सांगितले. उन्हात टाकले तर रंग जातो, आणि बाजारात भाव रंगावर ठरतो. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. मी विचारले की एखादा लॉट बिघडला आहे का कधी. ती म्हणाली की एका वर्षी एक लॉट तांबूस पडला. घरी सगळे हवेला दोष देत होते, पण तिने प्रत्येक लॉटची नोंद ठेवली होती आणि त्या नोंदींवरून तिच्या लक्षात आले की तो लॉट बुडवला तेव्हा द्रावण ताजे नव्हते. तेच द्रावण अनेकदा वापरून त्याचा जोर कमी झाला होता आणि त्यामुळे वाळायला जास्त दिवस लागले होते. पुढच्या वर्षी किती क्रेटनंतर द्रावण बदलायचे हे तिने वडिलांना ठरवून दिले.

कारखान्यात आम्ही ज्याला प्रोसेस कंट्रोल म्हणतो, तो हाच. नोंद ठेवणे, दोष दिसल्यावर अंदाजावर न थांबता नोंदीकडे परत जाणे, कारण शोधणे आणि ते पुन्हा घडू नये म्हणून नियम करणे. यासाठी आम्ही कामगारांची प्रशिक्षणे घेतो. आणि तिच्या दोन पानी बायोडाटात याचा एक शब्दही नव्हता, कारण शेतातले काम हा "अनुभव" असतो असे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आज ती आमच्या साच्याच्या वाळूची आर्द्रता आणि बळकटी तपासते, आणि तिच्या नोंदवहीत खाडाखोड दिसत नाही.

असे अनेक जण आहेत. कोणी वडिलांच्या गॅरेजमध्ये पंपसेट खोललेले असतात, कोणी पतसंस्थेची पिग्मी गोळा करून रोज रात्री रोख आणि पावत्यांचा मेळ घातलेला असतो, कोणी गणेशोत्सव मंडळाचा हिशेब दोन वर्षे सांभाळलेला असतो. लेखा विभागातील जागेसाठी आलेल्या मुलाने पिग्मीचा मेळ कसा घातला, चूक आली तेव्हा ती कशी शोधली, हे सांगितले तर ते त्याच्या टक्केवारीपेक्षा मला अधिक सांगून जाते. अर्थात मागितलेल्या कामाशी ज्याचा धागा जुळतो तेवढेच सांगावे. सगळे आयुष्य उलगडायची गरज नसते.

वहीतले उत्तर तोंडात येणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे. मनात तयार असलेले वाक्य पहिल्यांदा मोठ्याने बोलताना मधेच तुटते, हा अनुभव प्रत्येकाला येतो, आणि तो मुलाखतीच्या खोलीत पहिल्यांदा येऊ नये. आम्ही भाचीचे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले. आपण प्रत्येक वाक्य "म्हणजे" या शब्दाने सुरू करतो, हे तिला पहिल्यांदाच कळले. पाठांतर मात्र मी तिला करू दिले नाही. एकच उत्तर ती रोज वेगळ्या शब्दांत सांगते, आणि मुद्दे तेच राहतात की नाही एवढेच मी पाहते.

इंग्रजीचा प्रश्न इथेच येतो. "मायसेल्फ" या शब्दाने सुरू होणारी, कुठल्यातरी क्लासने दिलेली ओळख मी शेकडो वेळा ऐकली आहे. मुलांचा त्यात काही दोष नाही, त्यांना तसेच शिकवले गेले आहे. पण ती ओळख सांगताना त्यांची सगळी शक्ती वाक्य न चुकण्यात जाते आणि सांगण्याचा विषय मागे पडतो. माझे मत असे आहे की जिथे काम इंग्रजीत करायचे आहे, परदेशी ग्राहकांना पत्रे लिहायची आहेत, तिथे इंग्रजी शिकण्याला पर्याय नाही आणि त्यासाठी वर्षभर आधी सुरुवात करावी. जिथे तशी अट नाही, तिथे दोन-तीन साधी इंग्रजी वाक्ये बोलून झाल्यावर "तांत्रिक भाग मी मराठीतून सांगितला तर चालेल का?" असे नम्रपणे विचारावे. आमच्या भागातल्या कारखान्यांत याला नकार मिळाल्याचे मी फार क्वचित पाहिले आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तरुणांसाठी आणखी एक अवघड जागा असते, ती म्हणजे मधली रिकामी वर्षे. अभ्यासिकेत बसून तीन-चार वर्षे स्पर्धा परीक्षा देणारी मुले घरोघरी आहेत. पोलीस भरतीत शारीरिक चाचणी ५० गुणांची आणि लेखी परीक्षा १०० गुणांची, मुलाखत नाही. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद केल्या. राज्यसेवेत मुलाखत आहे, पण तिथपर्यंत पोहोचणारे थोडे. त्यामुळे इतकी वर्षे परीक्षा देऊनही अनेकांनी मुलाखतीची खोली कधी पाहिलेलीच नसते, आणि त्या वर्षांविषयी विचारले की ते अपराध्यासारखे खाली पाहतात. मी त्यांना मनापासून सांगते, खाली पाहू नका. किती वर्षे प्रयत्न केला, कुठपर्यंत पोहोचलात, आता हा मार्ग का निवडला आणि या काळात विषयाशी संपर्क तुटला असेल तर तो भरून काढण्यासाठी गेल्या दोन-तीन महिन्यांत काय केले, हे चार वाक्यांत सरळ सांगा. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे असते. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देणार असाल तर तेही लपवू नये. सहा महिन्यांत सोडून गेलेल्या माणसामुळे त्याच्यानंतर येणाऱ्या अभ्यासिकेतल्या दुसऱ्या मुलाकडे संशयाने पाहिले जाते.

कपडे आणि कागदपत्रे यांविषयी फार लिहायची आवश्यकता नाही. कपडे स्वच्छ, इस्त्रीचे आणि ज्यांत सहज बसता येईल असे असावेत. कागदपत्रांत नावाचा घोळ मात्र आधी तपासावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधार कार्डावर शेवटी, आणि वडिलांच्या नावाचे स्पेलिंग दोन ठिकाणी दोन प्रकारचे, हे इतके सर्वत्र आढळते की निवड होऊनही रुजू होताना अडचण येते. मूळ प्रमाणपत्रे दाखवावीत, पण कोणाकडेही ठेवून घेऊ देऊ नयेत, आणि नोकरीसाठी कोणी "अनामत" मागितली तर तिथून उठून यावे. प्रवासाबाबत माझा अनुभव वर आलाच आहे. भाचीची मुलाखत शिरवळला, बुधवारी सकाळी दहाची आहे. सांगलीहून पेठ नाका, कऱ्हाड, सातारा आणि पुढे खंबाटकीचा बोगदा असा रस्ता, आणि तिथे एखादा ट्रक बंद पडला की तासाचे काही खरे नसते. ती मंगळवारी संध्याकाळीच साताऱ्याला तिच्या आत्याकडे मुक्कामाला जाणार आहे.

टेबलाच्या आतल्या बाजूचे थोडे सांगते. अनेक वर्षे मी ज्याला जे सुचेल ते विचारत असे आणि शेवटी "मुलगा बरा वाटला" असे म्हणत असे. मग फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९८ साली केलेले काम माझ्या वाचनात आले. ८५ वर्षांतले संशोधन एकत्र तपासून त्यांनी दाखवले होते की सर्वांना तेच प्रश्न विचारून ठरावीक निकषांवर गुण देणारी आखीव मुलाखत, उमेदवार पुढे काम कसे करेल याचा अंदाज मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा चांगला देते. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे अंदाज किती खरे ठरतात याचे आकडे बरेच खाली आणले, पण निवडीच्या पद्धतींच्या यादीत आखीव मुलाखत सर्वांत वर आली. ते वाचल्यापासून आम्ही प्रत्येकाला तेच सहा प्रश्न विचारतो आणि प्रत्येक उत्तराला तिथल्या तिथे गुण देतो. उमेदवाराने यातून एवढे घ्यावे की एक उत्तर बिघडले म्हणून पुढची पाच सोडून देऊ नयेत. माझे पुण्यात तेच झाले होते.

जे येत नाही ते "माहीत नाही" असेच सांगावे. मात्र त्यापुढे एक वाक्य जोडता आले तर जोडावे : हे शोधायचे झाले तर मी आधी काय तपासेन. कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, छिद्रे पडण्याची कारणे एका मुलाला ठाऊक नव्हती, पण तो म्हणाला की मी आधी छिद्रे एकाच जागी येतात की कुठेही येतात हे पाहीन. आमच्या विभागातल्या कामाची सुरुवात तिथूनच होते. त्याला आम्ही घेतले.

मुलींना आजही लग्न कधी, लग्नानंतर नोकरी करणार का, असे विचारले जाते. मलाही विचारले गेले होते आणि तेव्हा मी हसून वेळ मारून नेली, याचे मला अजून वाईट वाटते. १९७६ च्या समान पारिश्रमिक अधिनियमाने भरती करतानाही स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई केली होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही ती मनाई आहे. पण खोलीत कायदा सांगून वातावरण आपल्या बाजूचे होत नाही, हेही खरे. भाचीला मी सांगितले आहे की शांतपणे कामापुरते उत्तर द्यावे : "या जागेसाठी तिन्ही शिफ्ट्समध्ये काम करण्याची माझी तयारी आहे, आणि कामाच्या अटी मला मान्य आहेत." तरीही तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला, तर ती जागा कशी आहे हे आपल्यालाही कळलेले असते.

पगाराचा विषय निघाला तर वार्षिक सीटीसीच्या, म्हणजे कंपनी आपल्यावर करणार असलेल्या एकूण खर्चाच्या, आकड्याला बाराने भागून खूश होऊ नये. त्यात कंपनीने भरायचा भविष्य निर्वाह निधीही बहुधा धरलेला असतो, आणि शिवाय आपल्या बेसिकमधून, म्हणजे मूळ पगारातून, आपला १२ टक्के हिस्सा कापला जातो. हातात दरमहा किती येतील, असे विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

त्या २००४ च्या मुलाखतीहून परतताना एसटीत मी एका कागदावर आठवतील ते सगळे प्रश्न लिहून काढले. चार दिवसांनी मी सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या एका हळदीच्या कारखान्यात गेले, जिथे पॉलिशचा ड्रम चालू होता, आणि तिथल्या वयस्क कामगाराला विचारले की हा जोरात का फिरवत नाही. ते म्हणाले, "ताई, लई पळवला तर हळकुंडं जाळीला धरून बसत्यात. वरनं खाली पडलीच न्हाईत तर घासणार कशी?" घरी येऊन पुस्तक उघडले. ४२.३ या आकड्याला ड्रमच्या मीटरमधील व्यासाच्या वर्गमुळाने भागले की ज्या वेगाला आतला माल भिंतीला चिकटून फिरू लागतो तो वेग मिळतो. नव्वद सेंटिमीटरच्या ड्रमसाठी तो मिनिटाला सुमारे पंचेचाळीस फेरे येतो. म्हणजे साठ फेऱ्यांना आमचे यंत्र हळद नुसतीच गरगर फिरवत राहिले असते.

तो कागद माझ्याकडे अजून आहे. काल रात्री मी तो भाचीला दाखवला. तिने गणित पुन्हा करून पाहिले, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाली, "आणि मावशी, ड्रम किती भरायचा? काठोकाठ भरला तर तीस फेऱ्यांनासुद्धा हळकुंडं पडणार कुठे?" वीस वर्षांत हा प्रश्न माझ्या मनात आला नव्हता. तिने तो वहीच्या उजव्या पानावर लिहिला आणि खाली जागा मोकळी सोडली. रविवारी सकाळी आम्ही दोघी मार्केट यार्डात जाऊन विचारणार आहोत.